नदी कुठं गेली? असईच्या टेबलावरच्या लढाईची बारा पानं

पहिलं प्रूफ हातात घेऊन काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला, पानं दोनदा पुढंमागं केली आणि विचारलं, “अरे, नदी कुठं गेली?”

नदी कुठंच गेली नव्हती. क्रॉफर्ड मार्केटजवळून आणलेल्या निळ्या सॅटिनच्या रिबिनीची ती नदी सव्वीसपैकी एकोणीस फोटोंत होती. पण तिसऱ्या पानावर ती फोटोच्या खालच्या कडेनं वाहत होती, चौथ्यावर वरच्या कडेनं, आणि पाचव्यावर उजव्या कोपऱ्यातून तिरकी उतरत होती. शेजारी मी ठोकून दिलं होतं, ‘इंग्रजांची डावी बगल केळणेला टेकली.’ फोटोत नदी उजवीकडं. वाचणाऱ्यानं विश्वास ठेवायचा कुणावर, माझ्यावर की स्वतःच्या डोळ्यांवर?

हे प्रकरण त्या बारा पानांचं आहे. लढाई आम्ही टेबलावर छोटे शिपाई मांडून एका रविवारी खेळून संपवली. ती बारा पानी पुस्तिकेत उतरवायला सहा आठवडे लागले, आणि त्यातले पहिले तीन फुकट गेले.

ज्यानं लहानपणी दिवाळीत किल्ला केलाय त्याला हा छंद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. गिरगावात आमच्या चाळीच्या अंगणात विटा, पोती, वर लाल माती, उतारावर हळीव पेरलेलं आणि बुरुजावर मातीचे मावळे. त्या मावळ्यांचं एकच दुःख, भाऊबीजेपर्यंत जागचे हलत नाहीत. टेबलावरचे शिपाई हलतात. आपापल्या चालीत ठरल्या इंचांइतके पुढं सरकतात, फासे टाकून गोळ्या झाडतात, फासे वाईट पडले की पळतात. आमचे शिपाई पंधरा मिलिमीटरचे, म्हणजे साधारण नखाएवढे. एका पट्टीवर सहा चिकटवलेले. अशा पट्ट्या टेबलावर मांडल्या की पलटण.

लढाई असईची निवडली, कारण ती आपल्या मातीतली आणि टेबलावर मांडायला देखणी. २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा उतरल्या होत्या. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, पूर्वेला दोघींचा संगम. मराठ्यांच्या तोफा केळणेकडं तोंड करून उभ्या. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून आला, पण समोरून न भिडता नदीच्या कडेनं पूर्वेला सरकला. पलीकडच्या आणि अलीकडच्या काठावर दोन गावं समोरासमोर दिसली. मग त्यांच्यामध्ये उतार, म्हणजे पायी नदी ओलांडायची जागा, असणारच, असा त्यानं अंदाज बांधला आणि तो खरा निघाला. नदी ओलांडून तो बेचक्यात शिरला आणि पश्चिमेकडं तोंड करून उभा राहिला. मराठ्यांची बगल आयती सापडणार अशी त्याची अटकळ होती. ती मात्र चुकली. शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमन या युरोपीय अधिकाऱ्यानं सगळी कवायती रांग काटकोनात फिरवली आणि केळणेपासून असई गावापर्यंत नवी भिंत उभी केली. कवायती कंपू, म्हणजे युरोपीय धर्तीवर शिकवलेल्या पलटणींचा गट, काय चीज होती ते त्या एका हालचालीत दिसतं. पुढं इंग्रज जिंकले, अठ्ठ्याण्णव तोफा त्यांच्या हाती लागल्या, पण ४२८ मेले आणि ११३८ जखमी झाले. त्यांच्या उजव्या बगलेची ७४ वी पलटण आणि तिच्यासोबतचे पहारेकरी भलतीकडं, थेट असई गावाच्या तोफांवर चालून गेले आणि कापले गेले.

म्हणजे या लढाईत सगळा खेळ दिशेचा. कोण कुठं तोंड करून उभा आहे, हे हरवलं की काहीच उरत नाही. आणि मी नेमकं तेच हरवलं होतं.

रविवारचा मेगाब्लॉक

खेळायला जागा मिळाली मुलुंडच्या एका सोसायटीच्या क्लबरूममध्ये. तिथलं टेबल टेनिसचं टेबल नऊ फूट बाय पाच फूट, असईला मापून केल्यासारखं. वर हिरवं कापड पसरलं, त्याखाली थर्माकोलचे तुकडे सरकवून उंचवटे केले. (हे तुकडे गणपतीच्या जुन्या मखराचे, २०१८ च्या बंदीआधीचे. आमच्याकडं त्यांचा साठा आहे आणि तो आम्ही सोन्यासारखा जपतो.) नऊ फुटांची बाजू पूर्व-पश्चिम. असईची घरं पुठ्ठ्याची. खेळाडू सहा. दोघं मराठ्यांचे सरदार, एक पोलमन, एक वेलस्ली, एक मॅक्सवेल म्हणजे घोडदळवाला, आणि उजव्या बगलेवर मी.

मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता. पोलमन आणि त्याचा सगळा कंपू दोन खोक्यांत भरून दादरला अडकला. सुरुवात साडेनऊऐवजी साडेअकराला झाली. पुढच्या सगळ्या भानगडीत याचा हात आहे, म्हणून सांगतो. पहिल्या पाच चाली खिडकीच्या पावसाळी उजेडात झाल्या, शेवटच्या तीन ट्यूबलाइटखाली. सकाळचं गवत पोपटी, संध्याकाळचं निळसर. फोटो शेजारीशेजारी ठेवले तर एकाच टेबलावरचे वाटेनात.

फोटो सगळ्यांनी काढले. मॅक्सवेलनं घोड्यांचे काढले. वेलस्लीनं वेलस्लीचे काढले. मी माझ्या पलटणीचे काढले, पण ती धड होती तोवर. घरी येऊन मोजले तर २१४. त्यातले निम्मे मेसेजमधून आलेले, म्हणजे वाटेत आक्रसून लहान झालेले. फोन मूळ फोटो चार हजार पिक्सेल रुंदीचा काढतो. छपाईला इंचाला तीनशे पिक्सेल धरले तरी तो तेरा इंच पसरतो. सोळाशेचा होऊन आला की पाच इंचांवर संपला, आणि त्यातला एक कोपरा कापून मोठा करावा तर शिपायांच्या जागी चौकोनी ठिपके. ‘फाइल म्हणून पाठवा’ असं सगळ्यांना पुन्हा विनवण्यात एक आठवडा गेला.

ही पुस्तिका दिवाळीत मित्रांना, शेजाऱ्यांना, नातेवाइकांना वाटायची होती. ए-फोर आकाराची बारा पानं, मध्ये पिना. यातल्या नव्वद टक्के लोकांनी आयुष्यात असलं काही पाहिलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी पहिला मसुदा मी आम्हा सहाजणांसाठी केल्यासारखा केला.

पहिला मसुदा

पद्धत सोपी होती. दहा चाली, प्रत्येक चालीला एक पानभर जागा, त्यात अडीच फोटो आणि उरलेल्या जागेत मजकूर. फोटो निवडले देखणे ते. बहुतेक सगळे शिपायाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेले : पुढं संगिनी, मागं धूसर रांग, धुराच्या जागी कापूस. एकेक फोटो फ्रेम करून भिंतीवर लावावा असा. फोटोओळी मी रात्री जागून लिहिल्या. ‘घनघोर रणसंग्राम!’ ‘वीरांची टक्कर.’ ‘तोफा धडाडल्या.’ मजकूर फोटोंभोवती वळवला, कारण संगणकात तशी सोय आहे आणि ती वापरली नाही तर आपल्याला येत नाही असं वाटतं.

मग ते प्रूफ घेऊन मी परळला गेलो. काका म्हणजे आमच्या पोलमनचे वडील. तीस वर्षं त्यांनी वर्तमानपत्रात पानं लावली, आधी खिळ्यांची, मग ब्रोमाइड कापून चिकटवायची, शेवटी पडद्यावरची. लढायांत त्यांना काडीचा रस नाही. म्हणूनच त्यांच्याकडं गेलो, असं आता म्हणतो. खरं तर शाबासकी घ्यायला गेलो होतो.

नदीच्या प्रश्नानंतर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. “तू मला कुठं उभं केलंस?”

“म्हणजे?”

“टेबलाच्या कुठल्या बाजूला? या फोटोत मी इकडं उभा आहे. पुढच्या फोटोत तू मला न विचारता पलीकडं नेलंस. मग परत इकडं. मी काय तुझ्या टेबलाभोवती प्रदक्षिणा घालायला बसलोय?”

खेळणाऱ्याला हा त्रास का होत नाही, ते मला तेव्हा कळलं. आम्ही सहाजण टेबलाभोवती दिवसभर फिरत होतो. नदी कुठल्या कडेला दिसली तरी डोकं आपोआप नकाशा फिरवून घेतं. जो तिथं नव्हता त्याच्याकडं फिरवायला नकाशाच नाही. त्याला वरून-खालून, इकडून-तिकडून पाहिलेल्या सव्वीस छान छान चित्रांचा ढीग दिसतो. त्यातून दोन्हीकडचं पायदळ कवायती, बंदुका-संगिनीवालं. नखाएवढ्या शिपायाचा देश अडीच इंची फोटोत ओळखायचा म्हटलं तर आम्हालाच जमेना.

काकांनी मग माझ्या देखण्या फोटोंतून एक उचलला, ७८ व्या हायलँडर पलटणीचा. “चांगला आहे,” म्हणाले. “पण हा मला काय सांगतो?” मी म्हणालो, वातावरण. “वातावरण एकदा पुरतं रे. पहिल्या पानावर लाव.” तो मुखपृष्ठावर गेला आणि तिथंच राहिला.

भाच्याचं स्टूल

दुसऱ्या मसुद्याचा कणा ज्या फोटोंचा झाला ते पहिल्या निवडीत एकही नव्हते.

पोलमनचा भाचा त्या दिवशी सोबत आला होता. वय वर्षं दहा. त्याला खेळायचं होतं आणि आम्हाला त्याला खेळू द्यायचं नव्हतं. मग काम दिलं. केळणेच्या बाजूला मधोमध एक स्टूल ठेवलं आणि सांगितलं, प्रत्येक चाल संपली की यावर चढायचं आणि सगळं टेबल येईल असा एक फोटो काढायचा. त्यानं इमानेइतबारे दहा काढले. फोटो रटाळ आहेत. थोडे कलते, कडेला कुणाचं तरी कोपर, दोन कटिंगचे ग्लास, एकात माझं टक्कल. पण दहाच्या दहा एकाच जागेवरून. केळणा कायम खाली, जुई वर, इंग्रज उजवीकडून येतायत, मराठे डावीकडं. नकाशात उत्तर वर असते, इथंही वरच. हे ठरवून केलेलं नव्हतं. स्टूल पलीकडं भिंतीला लागत होतं म्हणून या बाजूला ठेवलं, एवढंच.

काकांना ते दाखवले तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत पुढं सरकले. “हा पोरगा पान लावणार बघ,” म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तीन कोरे कागद एकात एक घालून मधोमध दुमडले आणि पेन्सिलीनं आकडे टाकले, एक ते बारा. ही डमी. पडद्यावर पानं एकाखाली एक घरंगळत जातात आणि कुठलं पान कुठल्या पानासमोर येणार, कुठं उलटावं लागणार, याचं भान सुटतं. हातात डमी असली की कळतं : दोन आणि तीन समोरासमोर, चार-पाच समोरासमोर, सहा-सात मधलं जोडपान, सातनंतर कागद उलटायचा.

सगळ्यात आधी वाटणी बदलली. पहिल्या तीन चालींत नदी ओलांडणं आणि रांगा लावणं याखेरीज काही घडत नाही. त्यांना तिसरं पान एकटं पुरलं. शेवटच्या तीन चाली दहाव्या पानावर उरकल्या. मधल्या चार चालींना सहा पानं. मला वाटत होतं प्रत्येक चालीला सारखा न्याय द्यायला हवा. काका म्हणाले, “न्याय कोर्टात. इथं बातमी मोठी त्याला जागा मोठी.”

पान दोनवर नकाशा. तोही मी आधी नदीला निळी छटा, झाडाला झाड असा रंगवला होता. तो काढून साधा केला : दोन रेघांच्या नद्या, एक ठिपक्यांचं गाव, आणि फौजांचे ठोकळे, इंग्रज भरीव, मराठे पोकळ. प्रशियाच्या राइसविट्झनं १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ बसवला तेव्हा त्यानंही नकाशावर लाल-निळे ठोकळेच सरकवले होते. बाहुल्या पाहायला आहेत, समजायला ठोकळा पुरतो. हाच नकाशा अंगठ्याएवढा करून तीन ते दहा या प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्यावर एक डोळा काढला, या पानावरचा मोठा फोटो कुठून घेतलाय ते दाखवणारा. आठपैकी सहा ठिकाणी डोळा स्टुलावरच आहे. जिथं तो हलतो तिथं वाचणाऱ्याला आधी कळतं.

दोन जोड्या

आता ज्यावर आमची खरी झटापट झाली ते.

पोलमनचं वळण. काटकोनात फिरलेली रांग एका फोटोत दिसूच शकत नाही. फोटोत फक्त उभी रांग दिसते. ती आधी आडवी होती हे वाचणाऱ्यानं विश्वासानं मानायचं. बाण काढून पाहिले. बाणांची जाळी झाली. मग भाच्याचे दुसऱ्या आणि चौथ्या चालीनंतरचे फोटो घेतले, दोन्ही एकाच मापानं कापले, आणि चौथ्या-पाचव्या पानावर समोरासमोर, एका ओळीत, सारख्याच उंचीवर ठेवले. डावीकडं रांग केळणेच्या काठानं आडवी. उजवीकडं तीच रांग उभी, केळणेपासून असईपर्यंत. मध्ये शब्द नाहीत. नजर डावीकडून उजवीकडं जाते आणि रांग डोळ्यांदेखत फिरते. आमच्या खेळात एका कंपूला वेळेवर वळता आलं नाही, फाशात एक पडला. उजव्या फोटोत रांगेला तेवढी फट आहे. तिच्यावर एक ‘ग’ टाकला आणि फोटोओळीत खुलासा. बस.

इथं दोन्ही फोटो एकाच वेळी दिसणं भाग होतं. दुसऱ्या जोडीत नेमकं उलटं करावं लागलं.

दुसरी जोडी माझी. पाचव्या चालीत मी ७४ वी पलटण असई गावावर घातली. हो, इतिहासातल्यासारखीच. घरून निघताना शपथ घेतली होती की काही झालं तरी गावाकडं फिरकायचं नाही. पहिल्या मसुद्यात हा भाग एका वाक्यात होता : ‘उजव्या बगलेवर इंग्रजांना काही नुकसान सोसावं लागलं.’ फोटो शून्य. काकांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं. “एवढे लोक मेले आणि फोटो एकही नाही? कुणाचे होते हे?”

मी सांगितलं.

“मग बरोबर,” म्हणाले.

मी गावावर का गेलो, याला कारण होतं, पण ते शब्दांत मांडलं की सबब वाटायची. दिवसभर मी टेबलाच्या पूर्वेच्या टोकाला प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्चीवर बसून होतो. तिथून असईची पुठ्ठ्याची घरं दिसत होती, दोन पट्ट्या पायदळ दिसत होतं, आणि मागं काही नाही. पोलमननं घरांच्या आडोशाला चार तोफा सरकवल्या होत्या. आम्ही काही लपवालपवीचा नियम लावला नव्हता. मी उठून उभा राहिलो असतो तर दिसल्या असत्या. उठलो नाही. आणि त्या खुर्चीवरून मी एक फोटो काढला होता, ‘आता गाव घेतो’ अशा थाटात. दोनशे चौदांत सापडला.

मी तो आणि भाच्याचा वरून घेतलेला फोटो शेजारीशेजारी लावला, वळणाच्या जोडीसारखाच. काकांनी डमी हातात घेतली, सातवं पान धरलं, उलटलं, परत धरलं, परत उलटलं. “शेजारी लावलास तर तुझा मूर्खपणा लगेच दिसतो. लोक म्हणतील, इतकं समोर होतं तरी गेला? त्यांना आधी तुझ्या खुर्चीवर बसव. मग पान उलटू दे.”

तसं केलं. सातव्या पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, माझ्या खुर्चीवरून दिसलेलं गाव : छपरं, दोन पट्ट्या, रिकामं आकाश. कोपऱ्यातल्या नकाशातला डोळा स्टुलावरून उठून पूर्वेला आलेला. त्यावर मजकुराची शेवटची ओळ, ‘गाव मोकळं दिसत होतं.’ कागद उलटला की आठव्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात स्टुलावरून घेतलेला फोटो, घरांमागं चार तोफा आणि त्यांच्या तोंडासमोर माझी पलटण. त्या फोटोवर बाण नाही, अक्षर नाही.

शिपायाच्या डोळ्याच्या उंचीचे फोटो मी वातावरणासाठी म्हणून लावत होतो. त्यांची जागा इथं निघाली. खेळाडूला काय दिसलं म्हणून त्यानं काय ठरवलं, हे सांगायचं असेल तिथं खालून; काय घडलं हे सांगायचं असेल तिथं वरून. मग आधीचे देखणे फोटो याच एका कसोटीवर लावले. चार टिकले.

मजकूर, रंग आणि इतर कटकटी

मजकुराचं झालं असं की एकाच परिच्छेदात इतिहासातला वेलस्ली, आमचा बँकवाला वेलस्ली आणि चहा आणायला गेलेला कुणी तरी असे तिघं एकमेकांच्या पायात येत होते. पण इतिहास वेगळा काढून सगळा दुसऱ्या पानावर ठेवला तर आठव्या पानापर्यंत कुणाच्या लक्षात राहणार? शेवटी खेळाची गोष्ट मुख्य मजकुरात, फासे फोटोओळीत, आणि इतिहास राखाडी चौकटीत, तोही आमचा खेळ इतिहासापासून फुटतो किंवा त्याला जाऊन मिळतो तेवढ्याच ठिकाणी. अशा चौकटी तीनच झाल्या. टवाळी जिथं सुचली तिथं राहू दिली.

फोटोओळींचा साचा काकांनी घालून दिला : आधी चाल, मग कुठून पाहतोय, मग नजर कुठं न्यायची. ‘घनघोर रणसंग्राम’च्या जागी आता आहे, ‘चाल ४, दक्षिणेकडून. तिसरा कंपू (ग) अजून केळणेकडंच तोंड करून, फाशात १.’ जे दिसतंच आहे ते सांगायचं नाही. मजकुरात ‘शेजारचा फोटो’, ‘वरचं चित्र’ असले उल्लेखही गेले. पान हललं की शेजारचं खालचं होतं, आणि आमची पानं तेव्हा रोज हलत होती. चित्रांना क्रमांक दिले.

फोटोभोवती मजकूर वळवण्याचा माझा हट्टही सुटला. ए-फोरवर दोन कॉलम घेतले तर एकेक जेमतेम चौऱ्याऐंशी मिलिमीटरचा. त्यात अर्धा फोटो घुसवला की उरलेल्या बोळात ओळीला तीन शब्द बसतात. मराठीत ‘घोडदळाविरुद्ध’, ‘पलटणीपर्यंतच्या’ असे लांबलचक शब्द. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हटलं की शब्दांमधल्या फटी ताणल्या जातात आणि एकाखाली एक येऊन पानावर पांढरे ओघळ उतरतात. आता फोटो एक तर एका कॉलमभर, नाही तर दोन्ही कॉलमभर. मधलं काही नाही. ओळींत अंतरही वाढवलं, अकरा पॉइंटाला सोळा, कारण आपल्या अक्षरांना वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार. दाटीवाटीत ते एकमेकांच्या डोक्यावर पाय देतात.

खर्चापायी आतली पानं काळी-पांढरी छापायची होती. यानं एक दुखणं आपोआप गेलं. पोपटी आणि निळसर गवत दोन्ही करडं झालं, ट्यूबलाइट कुणाला कळली नाही. पण दुसरं उपटलं. लाल डगले आणि हिरवं कापड, दोघांचा करडा जवळजवळ एकच. सगळं इंग्रज पायदळ गवतात विरघळलं. फोटो काळा-पांढरा करताना लाल वर चढवला आणि हिरवा खाली ओढला, तेव्हा डगले पांढुरके होऊन काळपट गवतावर उठले. बाणांनाही मी रंग दिले होते. ते काढून नकाशातल्या ठोकळ्यांसारखेच भरीव आणि पोकळ केले.

कटिंगच्या ग्लासांवरून दोन तट पडले. पोलमनचं म्हणणं, सगळे कापा, नाही तर पुसा. माझं म्हणणं, डोळ्याच्या उंचीच्या फोटोत ग्लास नको, तिथं तो कुतुबमिनार दिसतो. वरच्या फोटोंत असू दे, कारण शिपाई केवढे ते त्याच्यामुळं कळतं. ग्लास राहिले. टक्कल कापलं.

छपाई लोअर परळला झाली. एक चूक राहिलीच, आणि ती आमची : कोपऱ्यातला छोटा नकाशा कडेच्या फार जवळ ठेवला होता. पिना मारून कडा कापल्या तेव्हा मधल्या पानांवर थोडं जास्त कापलं गेलं, आणि सातव्या पानावरचा डोळा अर्धा गेला. माझ्या खुर्चीवरचाच. नशीब, बुबुळ शिल्लक होतं.

साठ प्रती. सहाही खेळाडूंनी आधी आपापले फोटो मोजले. मॅक्सवेल अजून नाराज आहे, त्याच्या घोड्यांचा एकच लागला. जिंकलं कोण यावर आमच्यात एकमत नाही. सोसायटीला सात वाजता टेबल हवं होतं, तेव्हा असई मराठ्यांकडं होती आणि केळणेची बाजू इंग्रजांकडं.

एक प्रत शेजारच्या काकूंना फराळाच्या ताटाबरोबर दिली होती. चार दिवसांनी जिन्यात भेटल्या. पुस्तिका पिशवीतून काढून त्यांनी सातवं पान उघडलं, उलटून आठवं दाखवलं.

“वाचली हं. फिरवलं ते छान फिरवलं त्या पोलमननं. पण मला सांग, या बिचाऱ्यांना गावाकडं पाठवलं कुणी?”

“मीच, काकू.”

त्यांनी पुन्हा एकदा सातवं पान पाहिलं. “हं. इथून खरंच काही दिसत नाहीये,” म्हणाल्या, आणि आमचं रिकामं ताट माझ्या हातात दिलं.